रामगढचा किनारा

जयपूरला पोस्टिंग आली तेव्हा आईचा पहिला सल्ला पाण्याबद्दल होता. "वाळवंटात चाललायस, पाणी जपून वापर." जयपूर वाळवंटात नाही, अरवलीच्या पूर्व अंगाला आहे, वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षा कमी नाही, हे मी तिला समजावून पाहिलं. तिचं समाधान झालं नाही. इथे दोन उन्हाळे काढल्यावर वाटतं की तिचा सल्ला चुकीचा नव्हता, कारण तेवढं चुकीचं होतं.

आमच्या धंद्यात नकाशावर विश्वास ठेवायची सवय लागते, आणि जमिनीवर उतरल्यावर तो विश्वास तपासून घ्यायचीही. नव्या ठिकाणी गेलं की मी आधी आजूबाजूच्या टोपोशीट चाळतो. जयपूरच्या जुन्या शीटवर शहराच्या ईशान्येला तीस-बत्तीस किलोमीटरवर डोंगरांच्या बेचक्यात एक मोठं निळं पाणी दिसलं. रामगढ. एका रविवारी तिकडे निघालो. सोबत शेजारच्या कॉलनीत राहणारे एक निवृत्त ऑनररी कॅप्टन होते, मूळचे झुंझुनूचे, सॅपर. मी त्यांना 'साब' म्हणतो, तेही मला 'साब' म्हणतात, आणि आमचं बरं चालतं.

जमवाय मातेचं मंदिर मागे टाकलं आणि धरणाच्या भिंतीवर जाऊन उभे राहिलो. भिंत खणखणीत आहे. पायऱ्या आहेत, जुन्या इमारती आहेत. पाणी नाही. खाली विलायती बाभळीचं रान, त्यात शेळ्या, आणि तलावाच्या तळातून मोटरसायकलींनी पाडलेल्या वाटा. कॅप्टनसाब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात लांब करून म्हणाले, "वहाँ से वहाँ तक. दो हजार मीटर."

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत रोइंगचा समावेश पहिल्यांदाच झाला होता, आणि त्या शर्यती दिल्लीत झाल्या नाहीत, या रामगढ तलावावर झाल्या. कॅप्टनसाब तेव्हा जयपूर छावणीत तरुण शिपाई होते. युनिटच्या ट्रकमधून सगळे बघायला आले होते. ते सांगत होते आणि मी शेळ्यांकडे बघत होतो. ज्यांनी वल्हं हातात धरलंय त्यांना कळेल की दोन किलोमीटर सरळ, शांत, खोल पाणी मिळणं किती अवघड असतं. मी जे थोडंफार वल्हवायला शिकलो ते खडकवासल्याच्या पाण्यावर. तेही पाणी लष्करी इंजिनिअरनेच अडवलेलं, रॉयल इंजिनिअर्सच्या फाइफने, १८७९ मध्ये, आणि बरीच वर्षं त्याचं नावही 'लेक फाइफ' होतं. तिथे सकाळी धुक्यात बोट ढकलताना हे पाणी कधी संपेल असा विचार एकाही कॅडेटच्या डोक्यात येत नाही. इंग्रजांनी बांधलं, राजांनी बांधलं, म्हणजे ते डोंगरासारखं कायमचं, अशी आपली समजूत असते.

तिथून परत आल्यावर मी जयपूरच्या पाण्याचा इतिहास वाचायला बसलो. लायब्ररीतली गॅझेटियर, जुने प्रशासन अहवाल, न्यायालयाचे निकाल, जे हाताला लागलं ते. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली: गेल्या दीडशे वर्षांत या शहराने पाण्याचा एकही किनारा राखलेला नाही. प्रत्येक वेळी जुना किनारा सोडून ते पुढच्या किनाऱ्यावर गेलं आहे.

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये शहर वसवलं तेव्हा आसपासच्या नाल्यांचं पाणी कालव्याने चौपडीत आणलं होतं. जयसिंग आणि मराठे यांच्या देण्याघेण्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की इथे त्यात शिरत नाही. नळाचं पाणी आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, महाराजा रामसिंग दुसऱ्यांच्या काळात. शहराच्या पश्चिमेला वाहणारा अमानीशाहचा नाला अडवून, पंपाने पाणी वर चढवून शहराला दिलं गेलं. या नाल्याचं जुनं नाव द्रव्यवती नदी. पुढे शहर वाढलं, नदीचा नाला झाला आणि नाल्याचं गटार झालं. अलीकडे त्याच्या सत्तेचाळीस किलोमीटर लांबीवर काँक्रीटचे काठ, बागा आणि सायकलचे मार्ग बांधून पुन्हा 'द्रव्यवती' नाव दिलं आहे. संध्याकाळी फिरायला बरं आहे. प्यायला तिथलं पाणी कुणी नेत नाही.

त्या काळातल्या जयपूरच्या बांधकाम खात्याचा मुख्य माणूस होता स्विंटन जेकब. अल्बर्ट हॉलमुळे त्याचं नाव पर्यटकांनाही माहीत असतं. तो आपल्यातला होता हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल: ॲडिस्कोम्बच्या कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकलेला, १८५८ मध्ये मुंबई तोफखान्यात कमिशन मिळालेला. १८६७ मध्ये तो जयपूरला आला आणि तीसहून जास्त वर्षं राहिला. आम्हाला दोन-अडीच वर्षांत बदली होते. एखाद्या गावाचा उतार कुठे आहे हे कळायच्या आत सामान बांधावं लागतं. जेकबला एकाच मुलखात तीन दशकं मिळाली. राजवाड्यांच्या नक्षीपेक्षा त्याच्या खात्याने राज्यभर केलेली तलाव-कालव्यांची कामं मला जास्त मोठी वाटतात, पण ती बघायला तिकीट लागत नाही म्हणून कुणी बघत नाही.

रामगढचं काम १८९७ च्या अखेरीस माधोसिंग दुसऱ्यांच्या कारकिर्दीत सुरू झालं आणि १९०३ मध्ये पुरं झालं. मध्ये आला विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे इसवी १८९९-१९००. राजस्थानात त्याला 'छप्पनिया' म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो शब्द अजून शिवीसारखा येतो. माणसं आणि गुरं किती गेली याची गणती झाली नाही. ही भिंत उभी राहत होती तेव्हा आजूबाजूचा मुलूख असा उजाड झालेला होता. त्यामुळे हा तलाव राजाची हौस म्हणून बघता येत नाही. भुकेच्या वर्षांत बांधलेला तो साठा होता.

बाणगंगा नदी विराटनगरच्या, म्हणजे बैराठच्या डोंगरांतून निघते. हीच महाभारतातली विराटाची मत्स्यनगरी, असं इथे सगळे मानतात. तिथून आणि शाहपुरा, आमेर, जमवा रामगढ या तालुक्यांतून साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं पाणी या एका बेचक्यात उतरतं. भरल्यावर पाण्याचा पसारा पंधरा चौरस किलोमीटरच्या घरात. १९३१ पासून हे पाणी नळाने जयपूरला जाऊ लागलं आणि पुढची सत्तरएक वर्षं जयपूर ते प्यायलं. जुलै १९८१ मध्ये जयपूरला तुफान पाऊस झाला, पूर आला, तेव्हा रामगढची चादर चालली. सांडव्यावरून पाणी पसरून पडू लागलं की त्याला इकडे 'चादर चलना' म्हणतात. आपल्याकडे 'सांडवा सुटला' म्हणतात, त्यापेक्षा मला हा शब्द जास्त आवडतो. १९८१ नंतर ती चादर पुन्हा चालली नाही. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तलाव पार आटला आणि शहराचा पुरवठा बंद झाला.

पाऊस कमी झाला म्हणून तलाव आटला, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नये. २०२४ च्या पावसाळ्यात जयपूरचे रस्ते पाण्याखाली गेले, बिसलपूर भरून दरवाजे उघडावे लागले, आणि रामगढ कोरडाच राहिला. पाणी पडतंय, फक्त इथपर्यंत पोचत नाही.

का पोचत नाही याचं उत्तर मी नकाशावर शोधायला बसलो. पाणलोट क्षेत्र म्हणजे शेवटी एक डोंगरधारच असते. कुठल्या बाजूला पडलेला थेंब कुठे जाणार हे समोच्च रेषांवरून कुठलाही लेफ्टनंट सांगू शकतो. धार काढायला अर्धा तास लागला. नंतर उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवलं. नदीच्या पात्रांत शेतं, ओढ्यांवर एकामागून एक बंधारे, रस्त्यांचे भराव, भिंती घातलेली फार्महाउस. बाणगंगेचं पात्र काही ठिकाणी शोधून काढावं लागतं.

१९८२ मध्येच, ज्या वर्षी शर्यती झाल्या त्याच वर्षी, जमवा रामगढ अभयारण्य जाहीर झालं, सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचं. डोंगरांना आणि जनावरांना त्याने संरक्षण मिळालं. पण तलावाला पाणी देणारा मुलूख या अभयारण्याच्या पलीकडे, वरच्या गावांच्या शेतीत पसरलेला आहे. म्हणजे आपण पाण्याच्या काठावर पहारा बसवला आणि रसद येण्याचा रस्ता उघडा सोडला. ही चूक लष्करी इतिहासात किती वेळा झाली आहे, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको.

कायद्याचंही तसंच. समुद्रकिनाऱ्यासाठी आपल्याकडे १९९१ पासून सीआरझेडची अधिसूचना आहे. भरती-रेषेपासून किती मीटरवर काय करायचं हे कोकणातला हॉटेलवालाही तोंडपाठ सांगतो, मोडतानासुद्धा. गोड्या पाण्याच्या किनाऱ्याला असं काही नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पण पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले आणि सिंचनासाठीचे मानवनिर्मित जलाशय त्यांनी सरळ वगळले आहेत. जयपूरच्या पश्चिमेचं सांभर खारं, म्हणून नैसर्गिक, म्हणून १९९० पासून रामसर यादीत. रामगढ गोडा, पण माणसाने बांधलेला, म्हणून त्या नियमांच्या बाहेर. जो किनारा माणसाने स्वतःच्या तहानेसाठी तयार केला त्यालाच सगळ्यात कमी कायदा.

राजस्थानात मात्र एक जुनं कलम होतं. १९५५ च्या कुळकायद्याच्या कलम १६ प्रमाणे पाण्याखालच्या जमिनीवर, नदीच्या किंवा तलावाच्या पात्रातल्या जमिनीवर कुणाला खातेदारी हक्क मिळत नाही. कलम कागदावर राहिलं आणि वाटप होत राहिलं. मग २ ऑगस्ट २००४ रोजी जोधपूरला राजस्थान उच्च न्यायालयाने अब्दुल रहमान खटल्यात निकाल दिला, तो मी दोनदा वाचला. राज्यातल्या नद्या, नाले, तलाव आणि त्यांचे पाणलोट १५ ऑगस्ट १९४७ रोजी जसे होते त्या स्थितीत आणा, असा त्याचा गाभा. पुढे २०११ मध्ये उच्च न्यायालयाने खास रामगढची स्वतःहून दखल घेतली, समिती नेमली, अतिक्रमणं मोजायला लावली, काही वाटपं रद्दही झाली.

एक तारीख ठरवून जमीन त्या तारखेला परत न्यायची, ही कल्पना सैनिकाला लगेच समजते. युद्धबंदी रेषा अशाच ठरतात: अमुक दिवशी, अमुक वाजता, जो जिथे आहे तिथे. दीर्घकाळचं नियोजन करायचं तर असा एक खुंटा ठोकावाच लागतो, नाहीतर दर दहा वर्षांनी नव्या अतिक्रमणालाच मूळ स्थिती मानून मोजणी सुरू होते. न्यायालयाने खुंटा ठोकला याचं मला कौतुक आहे.

पण रेषेच्या आत माणसं असतात. धरणावरून परतताना एका गावात चहाला थांबलो. दुकानदार साठीचा. त्याच्या शेताचा बांध वरच्या ओढ्यावर आहे. तो म्हणाला, बांध सरकारनेच घालून दिला, दुष्काळी कामावर, मी त्यावर मजुरी केली, आता तेच सरकार म्हणतं की बांधाने तलाव मारला. मला उत्तर देता आलं नाही. कॅप्टनसाब चहात बिस्किट बुडवत राहिले.

हा खरा पेच आहे. शेजारच्या अलवर जिल्ह्यात १९८० च्या दशकापासून तरुण भारत संघाने गावकऱ्यांबरोबर जोहड बांधले, अरवरी नदी पुन्हा वाहू लागली, राजेंद्रसिंहांना २००१ चा मॅगसेसे मिळाला. पाणी जिथे पडतं तिथेच अडवा, हे आपण महाराष्ट्रातही राळेगणपासून शिकलो आणि ते बरोबरच आहे. पण वरच्या प्रत्येक गावाने आपलं पाणी आपल्याकडे ठेवलं तर खालच्या तलावाला काय उरतं? वरच्या गावाची विहीर भरणं हे संवर्धन, की खालचा तलाव भरणं हे? एकेका बंधाऱ्याची परवानगी देणाऱ्याने फक्त तो बंधारा पाहिला. साडेसातशे चौरस किलोमीटर एकत्र ठेवून, इतकं वर, इतकं खाली असा हिशोब कुणी वेळेत केला नाही. त्यात बोअरवेल आल्या. भूजल खाली गेलं की पावसाचा पहिला मोठा वाटा सुकलेली जमीनच पिऊन टाकते आणि नदीत धार धरत नाही.

आता आपल्या मुंबईचं बघा. इंग्रजांनी विहार तलाव १८६० मध्ये बांधला, तुळशी १८७९ मध्ये, आणि पवई १८९०-९१ च्या सुमारास. तिन्ही एकाच डोंगररांगेतले, एकाच पावसाचे, एकमेकांपासून काही मैलांवर. विहार आणि तुळशीचा पाणलोट पालिकेने ताब्यात घेतला, वस्ती हलवली, जंगल वाढू दिलं. पुढे तोच भाग राष्ट्रीय उद्यानात गेला. दीडशे वर्षांनंतर मुंबई अजून त्यांचं पाणी पिते. पवईचा पाणलोट बाहेर राहिला. तिथे आज जलपर्णी आणि सांडपाणी, आणि काठावर उंच इमारती, ज्यांच्या जाहिरातीत 'लेक व्ह्यू' लिहिलेलं असतं. ते पाणी प्यायचं नाही, बघायचं.

विहारची गोष्ट सांगताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. वस्ती हलवली म्हणजे कुणाची तरी घरं गेली. उद्यानातले आदिवासी पाडे ज्या तलावांच्या शेजारी आहेत त्यांच्या नळाच्या पाण्यासाठी आणि विजेसाठी वर्षानुवर्षं भांडत आले. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो झोपड्या तिथून हटल्या. जंगल राहिलं, पाणी राहिलं, हे खरंच. आणि ज्यांनी त्यासाठी जागा सोडली त्यांच्या नावाची पाटी तिथे कुठे नाही, हेही.

आमच्या बाबतीत तर हे विनोदीच आहे. खडकवासल्याला प्रबोधिनीची सात हजार एकरांहून जास्त जमीन आहे, म्हणून पीकॉक बेचा काठ आजही झाडांचा आहे. आम्ही पर्यावरण वाचवायला तिथे बसलो नव्हतो. कुंपण घातलं आणि सिव्हिलियनला आत सोडलं नाही, एवढंच. पलीकडच्या काठावर बंगले, रिसॉर्ट आणि पाण्यात उतरणारे भराव वाढत गेले. पुण्यातल्या वाचकांनी पानशेतच्या रस्त्याने जाताना एकदा डावीकडे-उजवीकडे नीट बघावं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर खडकवासल्याची भिंतही गेली, तेव्हा पुण्याला कळलं होतं की वरचं धरण आणि खालचं शहर ही एकच गोष्ट आहे. कोरडं पडणारं धरण असा आवाज करत नाही, म्हणून त्याची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही.

रामगढ आटत होता तेव्हा जयपूरने नेहमीप्रमाणे पुढचा किनारा शोधला. टोंक जिल्ह्यातलं बनास नदीवरचं बिसलपूर, शंभराहून जास्त किलोमीटर दूर. २००९ पासून तिथलं पाणी शहराला येतं आणि मी हे लिहितोय ते त्याच पाण्याचा चहा पिऊन. त्याआधी, जून २००५ मध्ये, बिसलपूरचं पाणी आपल्या शेतांनाही मिळावं म्हणून टोंकचे शेतकरी सोहेला इथे रस्त्यावर आले. गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. जयपूरच्या नळाचा इतिहास लिहायचा तर ती पाच माणसं त्यात यायला हवीत. आपला जवळचा तलाव आपण वीस वर्षं मरू दिला नसता तर ते भांडण इतकं तापलं नसतं, असं माझं मत. कुणी खोडून काढलं तर ऐकायला तयार आहे.

आता चंबळच्या खोऱ्यातलं पाणी पूर्व राजस्थानात आणण्याची मोठी योजना आहे आणि त्यात रामगढ भरण्याचाही समावेश आहे. आणखी एक किनारा, आणखी लांबचा. ऑगस्ट २०२५ मध्ये तर ड्रोनने ढगांत रसायन फवारून रामगढवर पाऊस पाडायचा प्रयोग झाला. बघायला इतकी गर्दी लोटली की पहिल्या दिवशी ड्रोनच धड उडालं नाही. मला हसू आलं नाही. पाण्याविना बसलेल्या तलावावर हजारो माणसं वर बघत उभी राहतात, याचा अर्थ त्यांना तलाव अजून हवा आहे. मात्र ढगातून पाणी पडलं तरी ते साडेसातशे चौरस किलोमीटरांतून वाट काढत भिंतीपर्यंत यायला हवं, आणि ती वाट उघडायचं काम ड्रोन करत नाही.

शहरातलं मानसागर बघितलं तर थोडी आशा वाटते. सोळाशेच्या सुरुवातीच्या काळातला बांध, मध्ये जलमहाल. विसाव्या शतकात शहराचे दोन मोठे नाले त्यात सोडले आणि तलाव सडला. २००० नंतर राष्ट्रीय सरोवर योजनेतून नाले वळवले, गाळ काढला, सांडपाणी शुद्ध करून सोडू लागले. काठच्या जमिनीच्या भाडेपट्ट्यावरून न्यायालयात जायचं ते गेलंच, तो भाग मी सोडून देतो. हिवाळ्यात तिथे पक्षी येतात, सकाळी रनला जाताना मी रोज बघतो. पण त्याचा पाणलोट पंचवीस चौरस किलोमीटरच्या आत आहे. रामगढ त्याच्या तीसपट, आणि चार तालुक्यांचा. एका महापालिकेच्या, एका कलेक्टरच्या, एका कारकिर्दीच्या आवाक्यातलं ते काम नाही. त्याला जेकबसारखी तीस वर्षं एका जागी राहणारी कुणीतरी व्यवस्था लागेल, आणि त्या व्यवस्थेत तो चहावालाही लागेल.

कॅप्टनसाब आणि मी ठरवलं आहे की पुढच्या थंडीत बैराठहून सुरुवात करायची. बाणगंगा जिथे सुरू होते तिथून धरणाच्या भिंतीपर्यंत, पात्राने, पायी, वाटेतला प्रत्येक बंधारा जीपीएसवर नोंदवत. ते म्हणतात तीन दिवस, मी म्हणतो पाच. त्यांचं वय अडुसष्ट आहे आणि गुडघा दुखतो, तरी चालण्यात ते मला मागे टाकतात, त्यामुळे मोहिमेची आखणी त्यांच्याकडे दिली आहे. काल फोन आला होता, पाणी किती घ्यायचं म्हणून. माणशी चार लिटर रोज, वाटेत भरून मिळेल असं धरायचं नाही, असं ठरलं.